भूमिपुत्र कोण आणि उपरा कोण?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याचा मान कार्यकारिणीने मला दिला, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. मी विद्वान नाही. माझी विद्यापीठीय मजल बी. ए.पर्यंतची, आणि त्यानंतरचे सारे शिक्षण सरकारी फायलींच्या संगतीत झालेले. शिवाय मी शासकीय सेवक आहे. वर्तणूक नियमांनी आमच्या जिभेला जो लगाम घातला आहे, तो मला मान्य आहे. तेव्हा मी येथे कोणत्याही पक्षाचा पुरस्कार वा धिक्कार करण्यासाठी उभा नाही, हे आरंभीच सांगतो. इतिहासात जे घडून गेले आणि माझ्या स्वतःच्या घरात जे घडले, तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

चिटणीसांनी मला विषय दिला होता, 'पाश्चात्त्य देशांतील उजव्या राष्ट्रवादाचे आकर्षण'. वृत्तपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न आहे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधील मतदारांनी ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. त्याच वर्षी, आणि पुन्हा २०२४ साली, अमेरिकेने 'अमेरिका प्रथम' म्हणणाऱ्या डोनाल्ड ट्रम्प यांना अध्यक्षपदी बसविले. फ्रान्समध्ये मारीन ल पेन यांना २०१७ साली अध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत सुमारे ३४ टक्के मते होती, ती २०२२ साली ४१ टक्क्यांवर गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीत अशाच विचाराच्या पक्षाने २०.८ टक्के मते मिळवून दुसरे स्थान घेतले. शहाणीसुरती, सुशिक्षित राष्ट्रे या मार्गाने का जातात, असे आपण एकमेकांना विचारतो.

मी या विषयाची तयारी करू लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे समजून घेण्यासाठी मला पॅरिसला किंवा पेनसिल्व्हेनियाला जाण्याचे कारण नाही. माझा जन्म लालबागच्या चाळीतला. या आकर्षणाची एक देशी आवृत्ती मी आमच्या चाळीच्या गॅलरीत उभा राहून पाहिली आहे. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून मी विषयाचे तोंड थोडे फिरविले आहे.

आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. धाकटे काका मॅट्रिक होऊन टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झालेले. घरातला पहिला 'पांढऱ्या कॉलरचा' माणूस तो होणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. १९६६ साली त्यांनी फोर्टातल्या एका कचेरीत अर्ज केला. मुलाखत झाली, नोकरी मिळाली नाही. काका सांगत, "मुलाखत घेणारे तिघे आपसांत तमिळमध्ये बोलत होते, आणि मी त्यांच्यासमोर मुक्यासारखा बसलो होतो." त्यांच्यापेक्षा निवड झालेला उमेदवार अधिक लायक होता की नव्हता, हे मला ठाऊक नाही, काकांनाही नव्हते. परंतु स्वतःच्या शहरात, स्वतःच्या राज्याच्या राजधानीत, आपण मुके ठरलो ही बोच त्यांनी आयुष्यभर जपली.

त्या काळाचा संदर्भ ध्यानात घेतला पाहिजे. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी प्राण दिले होते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. सहा वर्षांनी पाहावे, तर राज्य मराठी माणसाचे, परंतु गिरण्या, पेढ्या, कचेऱ्या, उपाहारगृहे यांच्या मालकीत त्याचा वाटा नगण्य. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४३ टक्के होते. म्हणजे सर्वांत मोठा गट, तरी निम्म्याहून कमी. इंग्रजी उत्तम येणारे दाक्षिणात्य तरुण कारकून, लघुलेखक आणि अधिकारी म्हणून येत होते, कारण मद्रास इलाख्यात इंग्रजी शिक्षणाची परंपरा जुनी होती. यात कोणाचे कारस्थान नव्हते. परंतु चाळीतल्या मुलाला परंपरा दिसत नाही; त्याला खुर्चीवर बसलेला माणूस दिसतो.

१३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकाने पुढे दूरध्वनीच्या डिरेक्टरीतून मोठमोठ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांची नावे छापण्यास सुरुवात केली. आडनावांच्या त्या याद्या आमच्या गॅलरीत मोठ्याने वाचल्या जात. भाष्याची जरुरीच नसे. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली, ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा भरला. काका त्या मेळाव्याला गेले होते. ते म्हणत, "भाषणातले फारसे काही आठवत नाही. पण परतताना मी ताठ चालत होतो, एवढे आठवते."

बंधुभगिनींनो, या विषयाचे निम्मे मर्म मला या एका वाक्यात दिसते. अशा राजकारणाचे आकर्षण केवळ द्वेषात असते, असे समजणे ही सुशिक्षितांची मोठी चूक आहे. आधी अपमान असतो. मग कोणीतरी येऊन त्या अपमानाला नाव देतो. आणि नाव मिळाल्याबरोबर माणसाची पाठ सरळ होते. त्यात प्रत्यक्ष मदतही असते. शाखेत गेले तर रेशनकार्डाचे काम होई, रुग्णवाहिका मिळे, नळाची तक्रार ऐकली जाई. १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या स्थानीय लोकाधिकार समितीने बँका आणि विमा कंपन्यांतील भरतीचा पाठपुरावा केला, मुलांकडून परीक्षांची तयारी करून घेतली, अनेक मराठी घरांत पहिला पगार आणला. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

आता उरलेले निम्मे मर्म.

१९६८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेला ४२ जागा मिळाल्या. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबईत दंगल उसळली, माणसे मेली, उडुप्यांची उपाहारगृहे फुटली. गिरणगाव तोवर लाल बावट्याचा बालेकिल्ला समजला जाई. जून १९७० मध्ये तेथील कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव करून वामनराव महाडिक विधानसभेत गेले. ज्या गल्ल्यांत 'कामगारांनो एक व्हा' असे लिहिलेले असे, त्याच गल्ल्यांत आता कामगार कोणत्या प्रांतातला, हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

मी फ्रान्सविषयी वाचू लागलो तेव्हा याच ठिकाणी थबकलो. उत्तर फ्रान्समधील कोळशाच्या खाणींचा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या डाव्यांच्या मागे उभा होता. खाणी बंद पडल्या, आणि त्याच पट्ट्यातील एनँ-बोमाँ या गावाने २०१४ साली ल पेन यांच्या पक्षाचा महापौर निवडला. अमेरिकेतही २०१६ साली पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन ही कारखान्यांची राज्ये एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली. खाण म्हणा, पोलादाचा कारखाना म्हणा, की कापडाची गिरणी. कामाबरोबर माणसाचे समाजातले स्थान जाते, आणि मग तो आपले स्थान जन्मात, भाषेत, वंशात शोधू लागतो. काम काढून घेता येते. जन्म काढून घेता येत नाही.

येथे एक कोडे आहे, त्याकडे आपले लक्ष वेधतो. परक्यांची संख्या जेथे सर्वाधिक, तेथेच राग सर्वाधिक असावा, असे आपल्याला वाटेल. तसे दिसत नाही. लंडनमध्ये परदेशांतून आलेले लोक विपुल, तरी लंडनने २०१६ साली सुमारे ६० टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने दिली. उलट लिंकनशायरमधील बॉस्टन या लहानशा गावी ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. त्या गावाच्या शेतमळ्यांवर पूर्व युरोपातील मजूर काही थोड्या वर्षांत एकाएकी आले होते. जर्मनीत तर परदेशी लोक ज्या पूर्वेकडील राज्यांत कमी आहेत, तेथेच हा पक्ष सर्वाधिक बळकट आहे. म्हणजे माणसाला संख्येपेक्षा बदलाचा वेग बोचतो, आणि त्याहूनही बोचते ती आपले आता कोणी ऐकत नाही ही भावना.

१९६८ सालचा एक योगायोग सांगतो. मुंबईत महापालिकेची ती निवडणूक झाली, त्याच वर्षी २० एप्रिल रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे इनॉक पॉवेल यांनी बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले. पक्षाने त्यांना पदावरून दूर केले; पण लंडनच्या गोदीतील कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी मोर्चा घेऊन गेले. पॉवेल यांचा रोख कोणावर होता? आपल्यावर. केनियातून निघालेल्या भारतीयांचा ब्रिटनमधील प्रवेश रोखण्यासाठी त्याच वर्षी कायदाही झाला होता. लालबागमध्ये आम्ही ज्या वर्षी स्थानिक म्हणून गर्जत होतो, त्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये आम्हीच उपरे होतो.

माझ्या घरच्या हकिकतीकडे परत येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मी तेव्हा बारा वर्षांचा. हा संप औपचारिक रीत्या कधी संपलाच नाही. कामगार मात्र संपले. आमच्या वडिलांनी वर्षभर वाट पाहिली, आईने खानावळीचे डबे केले, आणि शेवटी वडील उपनगरातील एका इमारतीवर रात्रपाळीचे पहारेकरी झाले. साच्यांवर ज्यांचे हात वाऱ्यासारखे फिरत, त्यांच्या हातात काठी आली.

मोठेपणी मी स्वतःला विचारले, आमच्या घरावरचा हा घाला कोणी घातला? काकांची खुर्ची नेणाऱ्या तमिळ कारकुनाने? नाक्यावरच्या उडुप्याने? दूधवाल्या भय्याने? यांपैकी कोणीही गिरणी बंद केली नव्हती. जुनी यंत्रे, न झालेली गुंतवणूक, यंत्रमागांची स्पर्धा आणि गिरण्यांच्या जागेचे चढते भाव ही कारणे डिरेक्टरीत सापडत नाहीत. त्यांना आडनाव नसते, आणि दगड मारता येईल असे दुकानही नसते. समोर दिसणाऱ्या माणसाला दोषी ठरविण्याची सोय हेच या राजकारणाचे बळ, आणि हेच त्याचे वैफल्य. वीस वर्षे आम्ही शेजाऱ्याकडे बोट दाखवीत राहिलो, आणि गिरणी आमच्या पाठीमागे बंद पडली.

आम्ही कचेरीत म्हणतो, जुने टिपण काढून नवीन नावावर पाठविणे सोपे असते. मजकूर तोच राहतो, फक्त प्रेषिती बदलतो. मुंबईत १९६६ साली प्रेषिती दाक्षिणात्य होता; पुढे कम्युनिस्ट झाला; १९८० च्या दशकात भाषेची जागा धर्माने घेतली; २००८ साली तो उत्तर भारतीय होता. अमेरिकेचे टिपण तर याहून जुने आहे. १८५० च्या दशकात ते आयरिश कॅथलिकांच्या नावे होते, १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांच्या नावे निघाले, आणि १९२३ साली भगतसिंग थिंद या शीख गृहस्थास तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसविण्याचा आदेश निघाला, तेव्हा आपल्या मंडळातील किती घरांत त्या रात्री दूरध्वनी खणखणले, हे मी सांगायला नको. आपल्या मुलांच्या गुणवत्तेविषयी कोणालाही शंका नव्हती. तरीही तेथील कोणा बेकार मुलाच्या बापाला आपला मुलगा तसाच दिसत असेल, जसा माझ्या काकांना तो तमिळ तरुण दिसला होता.

आता दिल्लीविषयी. मी १९९४ साली कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून निवडला जाऊन या शहरात आलो. हिंदी म्हणजे सिनेमात ऐकलेली. पहिल्या हिवाळ्यात अंगात स्वेटर नव्हता. शेजारच्या क्वार्टरमधील सरदारजींच्या पत्नीने आपल्या मुलाचा दिला. सरदारजींचे कुटुंब १९४७ साली लायलपूरहून आलेले. १९४१ साली दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती, १९५१ साली ती १७ लाखांवर गेली; म्हणजे दहा वर्षांत शहर जवळजवळ दुप्पट झाले, आणि ते मुख्यतः सर्वस्व गमावलेल्या निर्वासितांमुळे. या शहरात 'मूळचा कोण' हा प्रश्न विचारायला बसलो, तर सायंकाळपर्यंत उत्तर मिळणार नाही. मला ज्या जागेवर नेमले, त्या जागेवर दिल्लीचा भूमिपुत्र हवा, असे कोणी म्हटले नाही. म्हणू शकलाही नसता, कारण राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे, आणि १९ व्या अनुच्छेदाने देशात कोठेही जाण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क मला दिला आहे. ही दोन कलमे माझ्या आयुष्याचे छप्पर आहेत.

ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेसाठी मुंबईस गेलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. आमच्या इमारतीचा पहारेकरी दरभंग्याचा. त्याचा भाचा त्या परीक्षेला गेला होता. हाताला प्लास्टर घालून, परीक्षा न देताच परतला. मी संध्याकाळी कचेरीतून आलो, तेव्हा पहारेकऱ्याने नेहमीप्रमाणे फाटक उघडले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "साहब, वो आपके ही लोग थे ना?" त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता, तर मी काही उत्तर दिले असते. मी त्याला सांगू शकलो असतो की परीक्षेच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत पुरेशा येत नाहीत, अशी तेथील मुलांची रास्त तक्रार होती. पुढे रेल्वेने प्रादेशिक भाषांतून परीक्षा घेण्यास सुरुवात केली, हे त्या तक्रारीत तथ्य असल्याचेच लक्षण. पण ती तक्रार रेल्वे खात्याविरुद्ध होती, आणि हात मोडला तो एका पोराचा. फाटकाशी काठी घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहताना मला माझे वडील आठवले. मी काही न बोलता जिना चढलो. आज सतरा वर्षांनंतरही ती माझ्यावरची अनुत्तरित टिपणी आहे.

दुसरा प्रसंग माझ्या मुलीचा. ती दिल्लीत जन्मली, येथेच बी. कॉम. झाली. हरियाणा राज्याने २०२० साली एक कायदा केला. खाजगी क्षेत्रातील ठरावीक वेतनापर्यंतच्या, म्हणजे पुढे ३० हजार रुपयांपर्यंतच्या नव्या नोकऱ्यांपैकी ७५ टक्के नोकऱ्या स्थानिक उमेदवारांना द्याव्यात असा. तो जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला. त्याच सुमारास ती गुरुग्रामला एका कंपनीत मुलाखतीस गेली. तिला पहिला प्रश्न विचारला तो हरियाणाचा रहिवासी दाखला आहे का, हा. नोकरी मिळाली नाही. कंपनीचा दोष नाही; कायदा होता, त्यांनी पाळला. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला, पण तोवर ती नोएडात रुजू होऊन वर्ष उलटले होते.

त्या संध्याकाळी जेवताना तिने मला विचारले, "बाबा, मुंबईत मराठी मुलांना ऐंशी टक्के नोकऱ्या मिळाल्याच पाहिजेत, असे काकाआजोबा म्हणायचे तेव्हा तुम्ही मान डोलवायचात. मग हरियाणावाले पंचाहत्तर म्हणाले, तर ते चूक कसे?"

मी कायद्याचा आधार घेऊ पाहिला. म्हटले, महाराष्ट्रातील धोरण शासकीय आदेशांचे आहे, हा कायदा दंडाची तरतूद असलेला होता, इत्यादी. ती हसली. आणि तिने आणखी एक गोष्ट काढली. महाराष्ट्राच्या त्या धोरणात स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे राज्यात वास्तव्य असलेला. "म्हणजे मी हरियाणात उपरी, आणि तुमच्या महाराष्ट्रातही स्थानिक नाही. मग मी कुठली?"

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या मुलांचा हा प्रश्न आहे. मी तिला त्या रात्री उत्तर देऊ शकलो नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो, आणि म्हणूनच हा विषय मी घेतला.

पहिली गोष्ट ही की स्थानिकाची मागणी आणि स्थानिकाचा राग, या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत. जेथे कारखाना उभा राहतो, तेथल्या ज्या शेतकऱ्याची जमीन जाते, त्याच्या मुलाला त्या कारखान्यात काम शिकण्याची संधी मिळावी. ज्या शहरात राहतो, तेथील कचेरीत त्या शहराची भाषा बोलली जावी. ही मागणी न्याय्य आहे. गुरुग्रामच्या जाट शेतकऱ्याची आहे, तशीच ठाण्याच्या आगऱ्याची आहे. ती ऐकली गेली नाही, तर ती नाहीशी होत नाही. ती याद्या वाचणाऱ्याकडे जाते. लोकांच्या तक्रारीला मूर्खपणा म्हणून हसणाऱ्यांनीच या राजकारणाला सर्वांत अधिक अनुयायी मिळवून दिले आहेत, इंग्लंडात आणि अमेरिकेतही.

दुसरी गोष्ट ही की मागणी करावी ती व्यवस्थेकडे. शाळा, प्रशिक्षण, परीक्षेची भाषा, गृहनिर्माण यांच्यासाठी भांडावे. शेजाऱ्याशी भांडून यांपैकी काहीही मिळत नाही. परदेशाशी तुलना करताना एक भेदही ध्यानात ठेवावा. कोणाला आत घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार स्वतंत्र राष्ट्राला असतो; तो कसा वापरावा यावर वाद होऊ शकतो. परंतु दरभंग्याचा मुलगा मुंबईत, किंवा लातूरची मुलगी दिल्लीत येते, तेव्हा ती कोणाच्या परवानगीने येत नाही. ती आपल्याच घराच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येते.

तिसरी गोष्ट आपल्याच इतिहासातली. चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली राजीनामा दिला. महाराष्ट्राभिमान याहून वेगळा काय असतो? पण राजीनाम्यानंतर ते याच दिल्लीत राहिले. विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ, इंडिया इंटरनॅशनल सेंटर येथे त्यांनी जे काम केले, ते साऱ्या देशाचे. आपल्या प्रांतासाठी त्यांनी स्वतःची खुर्ची सोडली. दुसऱ्या कोणाची ओढली नाही. अभिमानाची ही कसोटी मला पटते. आपल्या भाषेसाठी मी स्वतः काय देतो, हे सांगता आले तर तो अभिमान. दुसऱ्याकडून काय काढून घेतो, एवढेच सांगता आले तर तो दुसराच काही पदार्थ आहे.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत जे केले, ते या कसोटीला उतरते. सरकारी क्वार्टरांच्या मैदानात गणपती बसविताना तंबूसाठी पंजाबी दुकानदाराने पैसे घेतले नव्हते, ही गोष्ट आपल्या ज्येष्ठ सभासदांनी मला अनेकदा सांगितली आहे. आरतीला येणाऱ्या बंगाली आणि मल्याळी शेजाऱ्यांना आपण कधी रहिवासी दाखला विचारला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा येथे ९८ वे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण सारे अभिमानाने गेलो. त्या अभिमानापायी कोणाला काही गमवावे लागले नाही.

तरीही आपण पूर्ण निर्दोष आहोत, असे मला म्हणवत नाही. गावाकडच्या नातेवाइकांचे भ्रमणध्वनीवर संदेश येतात. त्यांत 'या लोकांनी' आपले शहर बिघडविले, असे लिहिलेले असते. आपण ते वाचतो आणि पुढे पाठवितो. आणि दहा मिनिटांनी कॉलनीतल्या बिहारी भाजीवाल्याशी आपुलकीने बोलतो. निदान आपण, जे स्वतः पन्नास वर्षे परप्रांतीय आहोत, त्यांनी तरी त्या संदेशास उत्तर लिहावे. मामा असोत, मेव्हणे असोत, त्यांना नम्रपणे लिहावे की येथे आम्ही 'ते लोक' आहोत, आणि आमचे बरे चालले आहे ते येथल्या लोकांनी आम्हाला तसे म्हटले नाही म्हणून.

कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर येथे बीड, लातूर, धुळे या भागांतून स्पर्धापरीक्षेसाठी आलेली शेकडो मुले कोंदट खोल्यांत राहतात. मंडळाने त्यांच्यासाठी महिन्यातून एक रविवार जेवण आणि मार्गदर्शन ठेवावे. आणि त्या पंगतीत त्यांच्या खोलीतला बिहारचा किंवा राजस्थानचा सोबती आला, तर त्यालाही पान मांडावे. आपला मराठी वर्गही शेजाऱ्यांच्या मुलांना खुला असावा.

माझ्या मुलीला आता मी एवढेच सांगेन: तू कुठली, हे दाखल्यावर लिहिलेले नसते. जिथे तू काम करशील, कर भरशील, शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जाशील, तिथली तू आहेस; आणि घरी मराठी बोलतेस म्हणून महाराष्ट्राचीही आहेस. यांतले एक सिद्ध करण्यासाठी दुसरे सोडण्याची, किंवा तिसऱ्या कोणाला हाकलण्याची गरज नाही.

दरभंग्याचा तो पहारेकरी पुढे वर्षभराने गावी परत गेला. त्याला द्यायचे उत्तर माझ्याजवळच राहिले. ते मी आज आपल्यासमोर देतो: होय भाऊ, ते माझेच लोक होते. म्हणूनच त्यांच्याशी बोलणे हे माझे काम आहे, तुझे नव्हे.